रहाटणीचा नाला आणि पूर्वसमुद्रातील कासव

रहाटणीचा आणि समुद्राचा संबंध काय, असा प्रश्न कोणी केला तर त्यास अडाणी म्हणता यावयाचे नाही. पिंपरी-चिंचवडच्या ज्या भागात हे एके काळचे खेडे आज गृहसंकुलांच्या रांगांत हरवून गेले आहे, तेथून कोकणचा किनारा गाठावयाचा तर सह्याद्री ओलांडून जावे लागते. त्यामुळे समुद्रातील कासवे प्लॅस्टिकच्या कचऱ्याने मरतात ही वार्ता येथील सुशिक्षित नागरिक वाचतो, क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. त्याच्या लेखी तो प्रश्न मुंबईच्या चौपाट्यांचा, कोळ्यांचा, फार तर वेळास-आंजर्ल्याच्या ग्रामस्थांचा असतो. आम्हांस आज असे सांगावयाचे आहे की, ही समजूत भूगोलाच्या कसोटीवर टिकत नाही. आणि ती टिकत नाही म्हणूनच रहाटणीच्या नागरिकास या प्रश्नापासून अंग काढून घेता येणार नाही.

रहाटणीवर पडलेला पाऊस कोणत्या समुद्रास मिळतो, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला असेल? पश्चिमेचा समुद्र जवळ असला तरी आपले पाणी तिकडे जात नाही. येथील नाले पवनेस मिळतात. पवना दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा पुण्याच्या संगमावर मुठेस भेटते, मुळा-मुठा पुढे भीमेत विलीन होते. भीमा उजनीच्या जलाशयातून पंढरपुरास जाते, तेथे चंद्रभागा म्हणून वंदिली जाते, कर्नाटकात शिरते आणि कृष्णेस मिळते. आणि कृष्णा श्रीशैलम व नागार्जुनसागर ही धरणे आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा ओलांडून आंध्र प्रदेशात हंसलदीवीच्या परिसरात बंगालच्या उपसागरास मिळते. कृष्णेच्या मुखाजवळच्या याच वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. म्हणजे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रहाटणीच्या नाल्यातून वाहून गेलेली पिशवी ज्या वाटेस लागते, त्या वाटेच्या शेवटी एक कासवांचे सूतिकागृह आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग हा प्रश्न आंध्राचा झाला. कोकणच्या कासवांना तरी आमचा उपद्रव नाही. परंतु हे समाधानही अलीकडच्या संशोधनाने उरू दिलेले नाही. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी 2022 पासून कोकणात अंडी घालावयास आलेल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहास संदेश पाठविणारी यंत्रे बसविली. त्यांपैकी फेब्रुवारी 2023 मध्ये गुहागरहून समुद्रात सोडलेली ‘बागेश्री’ ही मादी पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस गेली, श्रीलंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरात जाऊन पोहोचली. ती एकटीच वाट चुकली असेल असे म्हणावे, तर उलट दिशेचाही पुरावा मिळाला. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर 03233 या क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये थेट गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम असे दोन समुद्र आपण शाळेच्या नकाशात वेगळ्या नावांनी शिकलो. कासवांच्या नकाशात ते एकच आहेत. आपल्या नद्यांनी पूर्वसमुद्रात नेऊन टाकलेला कचरा कोकणच्या माहेरवाशिणीच्या वाटेत येऊन पडतो, हे आता तर्काने नव्हे तर नोंदींनी सिद्ध झाले आहे.

प्लॅस्टिक कासवाचे नेमके काय करते, हेही नीट समजून घ्यावयास हवे. कारण या विषयात भावना पुष्कळ आणि माहिती थोडी अशी आपली अवस्था असते. ऑलिव्ह रिडलेच्या आहारात जेलीफिश, खेकडे व इतर लहान जलचर येतात. पाण्यात तरंगणारी पातळ पिशवी जेलीफिशसारखी दिसते, हे सर्वश्रुत आहे. परंतु फसवणूक केवळ डोळ्यांची नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, समुद्रात राहून ज्यावर शेवाळ व सूक्ष्म जीव वाढले आहेत अशा प्लॅस्टिकचा वास येताच लॉगरहेड जातीची कासवे अन्नाच्या वासास देतात तसाच प्रतिसाद देतात. सागरी कासवाच्या घशाची रचनाही त्याच्या मुळावर येते. तेथे आतल्या बाजूस वळलेले काटे असतात. निसरडे भक्ष्य पोटात जावे आणि सोबतचे पाणी मात्र बाहेर पडावे, अशी ती निसर्गाची योजना आहे. जेलीफिशसाठी जी योजना उपकारक, तीच पिशवीसाठी घातक ठरते. कारण गिळलेली पिशवी मग ओकून टाकता येत नाही. आतड्याचा मार्ग बंद होतो, पोट भरल्याचा भास होऊन प्राणी उपाशी राहतो, आत वायू साठल्यास त्यास बुडी मारता येत नाही आणि तो पाण्यावर तरंगत राहून नौकांच्या तडाख्यात सापडतो. ऑस्ट्रेलियातील शेकडो कासवांच्या नोंदी तपासून 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी असा हिशेब मांडला की, प्लॅस्टिकचा एक तुकडा पोटात गेलेल्या कासवाच्या मृत्यूची शक्यता 22 टक्के, आणि 14 तुकडे गेल्यास ती 50 टक्के होते.

आणि मरणारे कासव कोणते आहे, यासही महत्त्व आहे. अंड्यातून बाहेर पडलेल्या सुमारे हजार पिल्लांपैकी एखादेच प्रौढ होते असा अंदाज सांगितला जातो, आणि त्यासही दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून एक प्रौढ मादी गमावणे ही हानी वेळासच्या वाळूवर दहा-वीस पिल्ले टाळ्यांच्या गजरात समुद्रात सोडून भरून निघत नाही. किनाऱ्यावर जे मिळविले ते खोल पाण्यात गमवावयाचे, असा हा व्यवहार होत आहे.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. भारताच्या समुद्रात कासवांचा सर्वांत मोठा शत्रू पिशवी नसून ट्रॉलरचे जाळे आहे, असे जाणकार सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. जानेवारी 2025 मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो ऑलिव्ह रिडले मृतावस्थेत वाहून आली, तेव्हा मुख्य ठपका जाळ्यांवरच ठेवला गेला. दुसरा आक्षेप असा की, रहाटणी समुद्रापासून फार दूर आहे. 2021 च्या एका जागतिक अभ्यासाने समुद्रात जाणाऱ्या नदीमार्गे प्लॅस्टिकपैकी 80 टक्के प्लॅस्टिक एक हजाराहून अधिक नद्यांतून जाते आणि त्यात शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा फार मोठा आहे, असे दाखविले खरे. परंतु त्याच अभ्यासाचा अर्थ असाही आहे की किनाऱ्यापासून दूर पडलेल्या कचऱ्याचा समुद्रापर्यंत पोहोचण्याचा संभव कमी असतो. वाटेत धरणे आहेत, बंधारे आहेत, जलपर्णी आहे, काठची झुडपे आहेत.

हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. जाळ्यांविषयी बोलावयाचे तर आजची जाळी कापसाची वा तागाची राहिलेली नाहीत; ती नायलॉनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच आहेत, आणि तुटून समुद्रात सोडून दिलेले जाळे वर्षानुवर्षे मारीत राहते. पालघर जिल्ह्यात डहाणूस वनखात्याच्या सहकार्याने चालणाऱ्या कासव उपचार केंद्रात अशा जाळ्यांत सापडून जखमी झालेली कासवे येतात. दोन कारणांनी माणसे मरत असता मोठ्या कारणाकडे बोट दाखवून लहान कारण सोडून देणे हा कोणत्याही वैद्याचा धर्म नव्हे. अंतराविषयी बोलावयाचे तर जी पिशवी समुद्रास पोहोचत नाही ती कोठे राहते, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्याने स्वतःस विचारावा. ती उजनीच्या जलाशयात राहते, जेथे मासेमारीवर कुटुंबे जगतात आणि ज्याचे पाणी सोलापूर पिते. ती चंद्रभागेच्या वाळवंटात राहते. ती ऊन-पाण्याने विरते, पण नाहीशी होत नाही; तिचे बारीक कण होतात, आणि कणांना धरणाची भिंत पिशवीइतकी अडवू शकत नाही. सारांश, कासव वाचले म्हणून सुटकेचा श्वास टाकावा तर तो घास वाटेतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताटात गेलेला असतो.

मग उपाय कायद्याचा, असे कोणी म्हणेल. कायद्याची उणीव महाराष्ट्रास कधीच पडलेली नाही. 26 जुलै 2005 च्या महापुरात मुंबईचे नाले पिशव्यांनी तुंबले, आणि 2006 मध्ये 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली. 23 मार्च 2018 रोजी राज्य शासनाने त्यापुढे जाऊन प्लॅस्टिक पिशव्या व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर सरसकट बंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये, दुसऱ्यास 10,000 आणि तिसऱ्यास 25,000 रुपये व तीन महिन्यांचा कारावास, अशी शिक्षा सांगितली. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर केंद्र शासनाची बंदी लागू झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशवीची किमान जाडी 120 मायक्रॉन ठरली. सागरी कासव स्वतः 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस बसलेले आहे. इतके सगळे असूनही संध्याकाळी कोणत्याही भाजीबाजारात जाऊन उभे राहावे. कोथिंबिरीच्या जुडीमागे पातळ पिशवी येतेच. भाजीवाला ती लपवून देतो आणि आपण ती न लाजता घेतो. पहिल्या आठवड्यात धाडी, दुसऱ्या महिन्यात विस्मृती, आणि तिसऱ्या वर्षी नवी अधिसूचना, हा क्रम आता आपल्या अंगवळणी पडला आहे.

बंदी फसते याचे कारण माणसे दुष्ट आहेत हे नव्हे. आमच्या मते त्याचे खरे कारण किमतीत आहे. आपल्या शहरांत कोणता कचरा नदीत जात नाही, ते पाहावे. रद्दी जात नाही, लोखंड जात नाही, काच-पत्रा सहसा जात नाही; कारण त्यास भंगारवाल्याकडे भाव आहे. पाण्याची रिकामी बाटलीही बहुधा कोणीतरी उचलतो. पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सदस्य असलेल्या कष्टकरी स्त्रियांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे, आणि या शहरांनी त्यांचे उपकार कधी पुरते मानलेले नाहीत. परंतु त्यांनी काय उचलावे हेही भावच ठरवितो. शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, वेफर्सचे अनेकपदरी चकचकीत वेष्टन, कोथिंबिरीची पातळ पिशवी यांस भंगारात कवडीचीही किंमत नाही. दिवसभर वाकून वेचलेल्या अशा वेष्टनांतून एका भाकरीचे पैसे सुटत नाहीत. म्हणून ती रस्त्यावर राहतात, रस्त्यावरून नाल्यात आणि नाल्यातून पवनेत जातात. नदीत जे सापडते ते समाजाने निरुपयोगी ठरविलेले नसून निर्मूल्य ठरविलेले असते.

हे ध्यानी घेतले म्हणजे उपायाची दिशा आपोआप दिसू लागते. फेकावयाच्या वस्तूस परतीची किंमत लावली पाहिजे. जर्मनीत 2003 पासून पेयांच्या एकेरी वापराच्या बाटल्यांवर अनामत घेतली जाते व बाटली परत करणाऱ्यास ती मिळते. परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. तामिळनाडूतील नीलगिरी जिल्ह्यात 2022 पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर 10 रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणून देणाऱ्यास ते परत देण्याची व्यवस्था न्यायालयाच्या आग्रहाने सुरू झाली, आणि बहुतेक बाटल्या दुकानी परत येऊ लागल्या. जंगलात हत्तींच्या पायात रुतणाऱ्या काचा उपदेशाने कमी झाल्या नव्हत्या. त्या दहा रुपयांनी कमी झाल्या. महाराष्ट्राच्या 2018 च्या अधिसूचनेतही बाटल्यांसाठी अशा परताव्याची कल्पना होती. ती व्यवहारात रुजली नाही, याचा खेद वाटतो. कारण त्या अधिसूचनेतील सर्वांत शहाणपणाचे कलम बहुधा तेच होते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा उद्योगांचा आहे, हे येथे विसरून चालणार नाही. मोटारींचे सुटे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाताना किती प्लॅस्टिकात गुंडाळले जातात, हे या पट्ट्यात नोकरी करणाऱ्या वाचकास आम्ही सांगावयास नको. शहरात प्लॅस्टिक घडविणारे लहान उद्योगही आहेत, आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे तांदळाएवढे प्लॅस्टिकचे दाणे. 2021 मध्ये कोलंबोनजीक ‘एक्सप्रेस पर्ल’ हे जहाज पेटून बुडाले तेव्हा अशाच दाण्यांनी श्रीलंकेचे किनारे झाकले गेले आणि पाठोपाठ मृत कासवे किनाऱ्यास लागली. ‘बागेश्री’ ज्या बेटास वळसा घालून गेली ते हेच बेट. जहाज बुडावयाचे तर एकदाच बुडते. कारखान्याच्या आवारात सांडून पावसाबरोबर गटारात जाणारे चार मुठी दाणे रोज सांडतात. केंद्र शासनाच्या फेब्रुवारी 2022 च्या नियमांनी वेष्टनाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी ते बाजारात आणणाऱ्या उत्पादकावर टाकली आहे. ही जबाबदारी प्रमाणपत्रांच्या खरेदी-विक्रीत न संपता निर्मूल्य वेष्टनास भाव देण्यात उतरली, तरच तिचा काही अर्थ.

महापालिकेने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. मोशी येथे कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा प्रकल्प ऑगस्ट 2023 मध्ये सुरू झाला. त्याच्या गुणदोषांची चर्चा वेगळी. परंतु भट्टी कितीही मोठी असली तरी ती घंटागाडीतून आलेलाच कचरा जाळू शकते, नाल्यातून गेलेला नव्हे. तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. पवनेस मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पावसाळ्यापूर्वी जाळ्या बसवाव्यात, त्या पावसाळाभर साफ कराव्यात, आणि कोणत्या नाल्यातून किती व कोणता कचरा निघाला याचा हिशेब दर महिन्यास प्रभागवार जाहीर करावा. रहाटणीच्या नागरिकास आपला नाला समुद्रास काय देतो हे एकदा आकड्यांत दिसू द्यावे. अनेकपदरी वेष्टने वेचणाऱ्यास किलोमागे ठरावीक रक्कम द्यावी आणि ती वेष्टने तयार करणाऱ्यांकडून वसूल करावी. पातळ पिशव्यांचा शोध भाजीवाल्याच्या हातगाडीवर घेण्यापूर्वी तो त्या पुरविणाऱ्या गोदामात घ्यावा. कारण हातगाडीवरची धाड सोपी असते एवढ्यामुळेच ती न्याय्य ठरत नाही.

आणि नागरिकांचे काय? दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर या शहरातील कित्येक कुटुंबे कासवांची पिल्ले पाहावयास वेळासला जातात. ही गोष्ट चांगली आहे. पण तेथे पाहावयाचे ते केवळ पिल्लांस नव्हे. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी तेथे पोहोचले, तेव्हा घरटी उकरून अंडी नेण्याची रीत किनाऱ्यावर होती. आज तेच ग्रामस्थ रात्री गस्त घालून घरटी सुरक्षित हलवितात आणि पाहुण्यांस आपल्या घरी जेवू घालतात. मंडणगड तालुक्यातील एका लहान गावाने उत्पन्नाचा लहानसा मार्ग सोडून दुसरा धरला आणि तो टिकविला. ज्या गावाकडे साधने थोडी त्याने इतके केले. आणि ज्या गृहसंकुलात लिफ्ट, पहारेकरी आणि मासिक वर्गणी आहे त्यास ओला व सुका कचरा वेगळा करणे अवघड वाटते, हे त्या गृहसंकुलास शोभत नाही. बाजारास जाताना कापडी पिशवी नेणे ही आपल्या आजोबांची सवय होती. ती आपण प्रगतीच्या नावाखाली सोडली. ती परत घेण्यात मागासलेपणा नाही.

जगाच्या व्यासपीठाकडे पाहून थांबण्यातही अर्थ नाही. प्लॅस्टिकवर बंधनकारक करार करावयाचा असा ठराव मार्च 2022 मध्ये नैरोबीस संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने केला. बुसानला 2024 मध्ये आणि जिनेव्हास ऑगस्ट 2025 मध्ये प्रतिनिधी जमले आणि कराराविना परतले. राष्ट्रे सहमत होतील तेव्हा होतील. पाऊस मात्र कोणाच्या सहमतीची वाट पाहत नाही.

आपल्या देवळांत सभामंडपात देवासमोर दगडी कासव असते. त्यास नमस्कार करून आपण पुढे जातो. दशावतारांतील दुसरे स्थान आपण कूर्मास दिले आहे. मंथनाच्या वेळी मंदर पर्वत पाठीवर धरणाऱ्या त्या कूर्माची कथा ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या मुलांस सांगितली, त्याने आपल्या शहराचा भार जिवंत कासवाच्या पोटात ढकलावा, ही विसंगती आहे. आणि ती दूर करण्यास शौर्य लागत नाही, रोजची थोडी शिस्त लागते. रहाटणीहून कृष्णेच्या मुखापर्यंतची वाट हजार किलोमीटरांहून लांब आहे. तिच्या दुसऱ्या टोकाशी काय घडते यावर येथून आपला अंमल चालत नाही. पहिले टोक मात्र आपल्या दारात आहे, आणि त्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता येईल असे आम्हांस दिसत नाही.